किसन मास्तरांची अर्धी चाल

निघोज्याच्या किसन मास्तरांनी बँजोला हात घालण्याआधी उजव्या कानाच्या पाळीला बोट लावलं, की वरातीतल्या पोरांना कळायचं, आता ‘ती’ चाल येणार. मग रुमाल दातात धरले जायचे, नवरदेवाचा मामा कमरेचा पट्टा आवळायचा आणि घोडेवाल्याची घोडा सांभाळताना भंबेरी उडायची. चाकणपासून आळंदीपर्यंत त्या चालीवाचून वरात हलत नव्हती, आणि बैलगाडा शर्यतीच्या घाटात जिंकलेल्या बैलावर गुलाल पडत नव्हता. पुढे दुसऱ्या बँजो पार्ट्यांनी ती कानानं उचलली, डीजेवाल्यांनी तिच्यात आपला दणदणाट घातला, पण नाव काही बदललं नाही. लोक तिला ‘किसनची चाल’च म्हणत राहिले.

आता बँजो म्हटल्यावर परदेशी सिनेमात गळ्यात अडकवतात ती वस्तू कुणी डोळ्यांपुढे आणू नये. आपला बँजो आडवा, टाइपरायटरसारख्या बटणांचा. डाव्या हातानं बटणं दाबायची, उजव्यानं तारा छेडायच्या, वायर भोंग्याला जोडायची आणि मग अख्ख्या आळीनं झोपेची आशा सोडायची. किसन मास्तरांच्या ‘श्री भैरवनाथ बँजो पार्टी’नं अशा कितीतरी आळ्या जाग्या ठेवल्या.

चालीचं कौतुक झालं की मास्तर दर वेळी सांगत, “माझी न्हाई बाबांनो. माझ्या वस्तादाची हाय.” कोण वस्ताद, असं विचारलं की म्हणत, “मार्चेलाबाई.” लोक हसत. खरं बोलणाऱ्याला विनयशील म्हणून मोकळं व्हायची आपल्याकडे रीतच आहे, तसं लोक मोकळे होत.

पण मास्तर खरंच सांगत होते. चाकणला गाड्यांचे दिवे बनवणाऱ्या कंपनीचं पेंट शॉप उभं राहत होतं, तेव्हाची गोष्ट. मास्तर तिथे ठेकेदाराकडे हेल्पर होते. मशिनरी बसवायला परदेशातून माणसं आली होती, त्यात इओन नावाचा एक उंच, लाल कानांचा फिटर होता. मोल्दोवाचा. हा देश कुठे आहे हे मास्तरांना त्यानं जमिनीवर खडूनं काढून दाखवलं होतं, आणि मास्तरांनी त्याला निघोजं काढून दाखवलं होतं. इओनला मास्तरांच्या बायकोच्या, गोजाबाईंच्या हातचा ठेचा फार आवडायचा. जेवणाच्या सुट्टीत तो लॅपटॉप उघडून एकच गाणं लावायचा, एका मुलीच्या आवाजातलं, आणि ऐकता ऐकता त्याच्या डोळ्यांतून पाणी यायचं. तेव्हा रंगाच्या ट्रायल चालू होत्या, थिनरच्या वाफेनं सगळ्यांचेच डोळे झोंबायचे. मास्तर त्याला आपला ओला रुमाल द्यायचे.

गाणं मास्तरांच्या डोक्यात बसलं. घरी येऊन त्यांनी ते बँजोवर काढलं. ढोलाला जुळावं म्हणून थोडं पळवलं, जिथे बाई श्वास घ्यायची तिथे ताशाला जागा दिली, आणि पहिल्याच वरातीत धुरळा उडाला. जाताना इओननं त्यांना गाण्याची सीडी दिली. सीडी वर्ष-दोन वर्षांत चरे पडून बंद पडली, पण तिच्यावरचं चित्र मास्तरांनी फ्रेम करून भिंतीवर लावलं. एकोणीस-वीस वर्षांची पोरगी, आखूड झगा, भुवईपाशी तीळ.

“ही कोण भवानी घरात?” गोजाबाईंनी विचारलं होतं.

“वस्ताद हाय माझी.”

“वस्तादाला गुडघ्यापस्तोर बी कापड पुरंना व्हय?”

त्यावर आठ दिवस घरात अबोला होता. पण एका गुरुपौर्णिमेला मास्तर कुठल्याशा मिरवणुकीच्या गडबडीत फूल वाहायचं विसरले, तेव्हा गोजाबाईंनीच चित्राला हळदकुंकू लावलं, झेंडूचं फूल ठेवलं आणि म्हणाल्या, “बाईमान्साची चाल हाय, म्हणून एवढी बसली लोकांच्या पायात. तुमाला काय कळतंय.” तेव्हापासून ती घरातलीच झाली.

मास्तरांना एकच गोष्ट सलत होती. त्यांचे पहिले वस्ताद म्हाळुंग्याचे आबाजी. बँजोचा ‘ब’ त्यांनी शिकवला, आणि एक नियमही शिकवला. आबाजी म्हणायचे, “चाल उचलली म्हंजी अर्धी झाली. ज्याची हाय त्याच्यापुढं वाजवायची, त्यानं दाद दिली की पुरी झाली. आन अर्धी चाल दुसऱ्याला द्यायची न्हाई. उष्टं अन्न कुणी वाढतं का?” आबाजींच्या सगळ्या चाली मास्तरांनी त्यांच्यापुढे वाजवून पुऱ्या करून घेतल्या. ही एकच राहिली. जी सगळ्यांत गाजली, तीच अर्धी.

पार्टीतला ढोलवाला भीमराज कित्येक वर्षं त्यांच्याकडे बँजो शिकत होता. कंपनीत फोर्कलिफ्ट चालवायचा आणि सुट्टीच्या दिवशी मास्तरांच्या ओट्यावर येऊन बसायचा. त्याला सगळं शिकवलं, ही चाल नाही. “मास्तर, अख्खा तालुका वाजवतोय चोरून, आणि मीच तेवढा उपाशी,” तो म्हणायचा. मास्तर म्हणायचे, “ते चोरतात. तुला मी देणार, म्हंजी पुरी द्याया पायजे.” आता मास्तरांची बोटं सकाळी आखडायची, डीजेमुळे वाजवायच्या सुपाऱ्या आटल्या होत्या, आणि हा हंगाम झाला की पार्टी मोडायची असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं. चाल मात्र त्यांच्याबरोबर अर्धीच जाणार होती. सात समुद्रांपलीकडची बाई निघोज्याला कशाला येते?

अशात एक दिवस त्यांची मुलगी सायली कामावरून आली, ती चप्पल न काढताच भिंतीपाशी गेली. सायली त्याच दिव्यांच्या कंपनीत एचआरला होती.

“आप्पा, तुमच्या ह्या बाईंचं पूर्ण नाव काय?”

“मार्चेला बोत्नारू. का गं?”

सायलीनं मोबाइल चित्राशेजारी धरला. कंपनीच्या ॲन्युअल डेसाठी इव्हेंटवाल्यांनी कलाकारांचे फोटो पाठवले होते. त्यात एकीच्या फोटोखाली लिहिलं होतं, ‘रशियन लाइव्ह सिंगर’. केस कापलेले, चेहरा भरलेला, डोळ्यांखाली थकवा. पण भुवईपाशी तोच तीळ.

मास्तर खाटेवर बसले. “चाकणला?”

“चाकणला. आपल्याच कंपनीत, शुक्रवारी.”

ते उठून चित्रापाशी गेले. मग आतल्या खोलीकडे तोंड करून म्हणाले, “गोजा, माझा इस्त्रीचा पांढरा सदरा कुठं ठिवलाय?”

त्या संध्याकाळी सायलीनं इंटरनेटवर जे सापडलं ते आईवडिलांना वाचून दाखवलं. मार्चेला एका खेड्यात जन्मली. बाप ट्रॅक्टर चालवायचा. ज्या गाण्यावर चाकण नाचत होतं, ते तिनं विशीच्या आतच देशाच्या मोठ्या स्पर्धेत गायलं आणि रात्रीत तिचं नाव झालं. राष्ट्रपतींनी पदक दिलं, तिच्या गावच्या रस्त्याला डांबर लागलं. “म्हंजी हितल्यासारखंच,” गोजाबाई म्हणाल्या. पण पुढे त्या देशातून माणसंच निघून जायला लागली. कुणी इटलीला, कुणी जर्मनीला, मिळेल त्या कामाला. तिचे ऐकणारेच देश सोडून गेले, मग ती त्यांच्या मागोमाग त्यांच्या वस्त्यांत जाऊन गायली, मग हॉटेलांत, मग दुबईला, आणि आता हिंदुस्थानातल्या लग्नांत आणि कंपन्यांच्या कार्यक्रमांत. तिचं ते गाणं गेली काही वर्षं ती कुठेच गात नव्हती. का, ते कुठे लिहिलेलं नव्हतं.

मास्तरांना वाईट वाटलं. बीडहून, लातूरहून चाकणला आलेली पोरं त्यांच्याच चाळीतल्या खोल्यांत भाड्यानं राहत होती. गाव रिकामं होतं म्हणजे काय होतं, हे त्यांना त्या पोरांनी सांगितलं होतं.

सायलीनं जमवून आणलं. पाहुण्यांच्या स्वागताला गेटवर पारंपरिक वाद्यं हवीत, असं तिनं वरच्यांच्या गळी उतरवलं. “पण आप्पा, स्टेजवर नाही हं. फक्त गेटवर.”

“गेटवर तर गेटवर. बाई गेटातनंच येनार न्हवं?”

शुक्रवारी दुपारपासूनच पार्टी गेटवर हजर होती. मास्तरांनी पांढरा सदरा आणि गुलाबी फेटा घातला होता. गोजाबाई हट्टानं बरोबर आल्या होत्या, हातात ओवाळणीचं ताट, पिशवीत शाल, नारळ आणि भिंतीवरून काढलेली ती फ्रेम. साहेब लोक आले, ढोल वाजला, फुलं उधळली गेली. मास्तरांचं लक्ष प्रत्येक गाडीच्या काचेकडे होतं. बाई काही येईनात. तासाभरानं कळलं की कलाकारांच्या गाड्या मागच्या मटेरियल गेटनं, ट्रकच्या वाटेनं, केव्हाच आत गेल्या.

“जाऊ दे,” मास्तर म्हणाले, “जाताना तरी हिकडनंच जातील.”

तिकडे आत ट्रेनिंग रूममध्ये कलाकारांची बसायची सोय केली होती. मार्चेलाची व्यवस्था सायलीकडे होती. बाई चमकीचा झगा घालून, पायात सपाता अडकवून कोपऱ्यात केळं खात होती. बोलायला साधी निघाली. सायलीनं धीर करून इंग्रजीत विचारलं, “तुमचं ते पहिलं गाणं तुम्ही आज गाल का?”

मार्चेलानं केळ्याची साल घडी घालून ठेवली. “तुला ते कुठून माहीत?” तिनं विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता सांगू लागली. ती नऊ वर्षांची असताना तिची आई इटलीला म्हाताऱ्या माणसांची सेवा करायच्या कामाला गेली. दर रविवारी फोन यायचा. येते, येते म्हणायची. गाणं त्या आईचं होतं. संध्याकाळी फाटकाशी उभं राहून रस्त्याकडे बघणाऱ्या मुलीचं. ज्या देशात प्रत्येक घरातून कुणी ना कुणी गेलेलं, तिथे ते गाणं लागलं की सभागृहंच्या सभागृहं रडायची. “मला पदक मिळालं ते लोकांना रडवल्याबद्दल,” ती म्हणाली. “मग एका रविवारी फोन आला तो दुसऱ्याच कुणाचा आला. आई तिकडेच गेली. त्यानंतर मी ते गात नाही.”

आमच्याकडे तुमच्या आईच्या गाण्यावर लोक गुलाल उधळून नाचतात, हे सायलीनं कुठल्या तोंडानं सांगायचं? ती बाहेर आली आणि तिनं वडिलांना फोन लावला.

“आप्पा, ती चाल वाजवू नका. ते रडायचं गाणं आहे. तिची आई परदेशात वारली, तिच्यावरचं आहे ते.”

मास्तरांच्या हातातला फोन कानालाच राहिला. त्यांना पेंट शॉपमधला इओन आठवला, लॅपटॉपपुढे डोळे पुसणारा. तो थिनर नव्हता तर. आणि आपण त्याला रुमाल देऊन वर हसत होतो, की गोऱ्या माणसाला वाफ सोसत नाही म्हणून.

ते गेटाशेजारच्या कठड्यावर बसले. नाचलेली सगळी माणसं त्यांच्या डोळ्यांपुढून गेली. कुठल्या कुठल्या गावचे नवरदेव, बैलांचे मालक, गणपतीतली पोरं, शिमग्यात त्यांची स्वतःची म्हातारी आई. सगळी एका पोरक्या पोरीच्या दुःखावर नाचली होती, आणि नाचवणारे आपण. कानाला हात लावून नाचवलं, वर वस्तादाचं नाव घेऊन. मास्तरांना लाज वाटली.

“मास्तर, लोकांनी आनंदच केला ना?” भीमराज म्हणाला. “पाप थोडंच केलं?”

“तुझ्या घरी कुणी गेलं, आन म्या दारात ताशा लावला तर चालंल तुला?”

मास्तरांनी बँजोवर कापड टाकलं. गोजाबाईंना म्हणाले, “शाल-नारळ दिऊ, पाया पडू, आन घरी जाऊ. वाजवायचं न्हाई.” चाल अर्धी ती अर्धीच राहिली, हे त्यांनी बोलून दाखवलं नाही. गोजाबाईंना ते सांगायची गरजही नव्हती.

इतक्यात आतल्या भोंग्यावरून निवेदकाचा आवाज आला, “आणि आता आपल्या भेटीला येत आहे, थेट रशियाहून...”

“रशिया न्हाई रे, मोल्दोवा!” मास्तर कठड्यावरून ओरडले. आत कुणाला ऐकू जाणार?

“काय फरक पडतोय मास्तर?” गेटवरचा वॉचमन म्हणाला.

“तू कुठला?”

“लातूरचा.”

“तुला नांदेडचा म्हटलं तर?”

“असं कसं, म्या लातूरचा हाव की!”

“मग?” मास्तर म्हणाले, आणि पुन्हा बसले.

बाईनं हिंदी सिनेमातली गाणी म्हटली. पाठ केलेली होती. आवाज अजून भरदार होता, पण मधेच खाण्याचे स्टॉल सुरू झाल्याची घोषणा झाली आणि गर्दीचा ओघ पावभाजीकडे वळला. भोंग्यावर टाळ्या ऐकू आल्या त्या मोजक्याच. पुढे बक्षिसांचा कार्यक्रम रेटायचा होता म्हणून बाईंची शेवटची गाणी कापली, आणि दिवस पुरता मावळायच्या आत एक पांढरी गाडी मोठ्या गेटाकडे आली. मागच्या सीटवर मार्चेला होती आणि तिला सोडायला निघालेली सायली शेजारी.

मास्तर रस्त्याच्या मधोमध जाऊन उभे राहिले. ड्रायव्हरनं हॉर्न दिला, तसा वॉचमननं धावत येऊन ड्रायव्हरलाच दम भरला, “मास्तरांवर हॉर्न वाजवतो व्हय रे?”

सायली उतरली. मागून मार्चेलाही, काय झालंय ते बघायला. गोजाबाई ताट घेऊन पुढे झाल्या. त्यांनी बाईच्या कपाळाला कुंकू लावलं, ओवाळलं, आणि इतक्या वर्षांची ओळख असल्यासारखं तिच्या गालावरून हात फिरवून आपल्या कानशिलावर बोटं मोडली. मास्तरांनी शाल पांघरली, नारळ हातात दिला आणि वाकून पायाला हात लावला. बाई गडबडून मागे सरली.

“हे कोण आहेत?” तिनं विचारलं.

“माझे वडील,” सायली म्हणाली. गोजाबाईंनी पिशवीतली फ्रेम काढली.

मार्चेलानं ती हातात घेतली. तिचा स्वतःचा विशीतला चेहरा, त्याच्या कपाळावर हळदकुंकवाचे जुने-नवे थर, फ्रेमच्या फटीत अडकलेली झेंडूची वाळकी पाकळी. तिनं अंगठ्यानं कुंकवाचा थर चाचपला. सायलीनं सांगायला सुरुवात केली आणि मग थांबता थांबेना. इओन, पेंट शॉप, आबाजींचा नियम, गुरुपौर्णिमा, सगळं एका दमात.

“कुठला इओन?” मार्चेलानं मधेच विचारलं. “आमच्याकडे घरटी एक इओन असतो.”

सायलीनं ते सांगितल्यावर मास्तरांना पहिल्यांदा थोडं हसू आलं. “हितं घरटी एक किसन असतो, तसं.”

मग त्यांनी हात जोडले. “सांग त्यास्नी, चूक झाली. आमाला शब्द कळले न्हाईत. त्यांच्या आईच्या गान्यावर आमी नाचलो. लग्नात नाचलो, घाटात नाचलो. माझी आई बी नाचली. रडायचं व्हतं तिथं नाचलो.”

सायलीनं सांगितलं.

“एकही माणूस रडला नाही?” मार्चेलानं विचारलं.

“न्हाई बाई,” मास्तर खाली बघत म्हणाले. “एक बी न्हाई.”

“मग वाजवा,” ती म्हणाली. “तुम्ही वाजवता तसंच.”

मास्तर घाबरले. म्हणाले, त्यांचं गाणं आहे तसं हळू वाजवून बघतो. बँजोवरचं कापड काढून त्यांनी दोन सूर लावले, पण चाल अडखळली. बोटांना ती संथ चालवायची सवयच नव्हती. त्यांनी हताश होऊन मान हलवली. मार्चेलानं ढोलाकडे बोट दाखवलं, आणि हातानंच खूण केली, होऊ द्या.

मास्तरांनी उजव्या कानाच्या पाळीला बोट लावलं. “मार्चेलाबाई,” ते पुटपुटले. हे नाव त्यांनी किती मांडवांत, किती घाटांत घेतलं होतं. आज ती बाई शाल पांघरून समोर उभी होती. भीमराजनं ढोलाचं टिपरू उचललं.

पहिला झटका बसला आणि रस्त्यापलीकडे बसची वाट बघणारी माणसं वळली. जनरल शिफ्ट सुटली होती. कुणा बाईचा सत्कार चाललाय, कोण बाई, हे कुणालाच माहीत नव्हतं. पण किसनची चाल लागली होती. दोघा-तिघांनी डबे खाली ठेवले. एकानं रुमाल दातात धरला. शेजारच्या वायरिंग कंपनीच्या बसमधून पाच-सहा मुली उतरल्या आणि ओढण्या कमरेला खोचून गोलात शिरल्या. वॉचमननं टोपी फिरवून घातली आणि खांदे उडवायला लागला. गोजाबाईंनी ताटातल्या गुलालाची मूठ उधळली, ती नेमकी ड्रायव्हरच्या पांढऱ्या सदऱ्यावर पडली.

मार्चेला बघत होती. पहिलं कडवं गेलं, दुसरं गेलं. चाल फिरून वर आली तेव्हा तिनं तोंड उघडलं आणि ती गायला लागली. माईक नव्हता, काही नव्हतं. बँजोच्या भोंग्यावरून तिचा आवाज चढला. चाकणच्या रस्त्यावर इतकी वर्षं वाजलेल्या चालीला त्या दिवशी पहिल्यांदा शब्द मिळाले. कुणाला एक अक्षर कळलं नाही, आणि कुणी नाचायचंही थांबलं नाही. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि सपाता घातलेले पाय ढोलावर पडत होते. वायरिंगच्या मुलींनी तिचे हात धरून तिला गोलात ओढलं.

चाल थांबली तेव्हा सगळ्यांनाच धाप लागली होती. मार्चेला शालीनं घाम पुसत सायलीशी काहीतरी बोलली. सायली वडिलांकडे आली.

“आप्पा, ती म्हणते, ह्या गाण्याला तिसरं कडवं आहे. स्पर्धेला वेळ कमी होता म्हणून कापलं, रेकॉर्डवरही घेतलं नाही. ते तिनं कधीच कुठे गायलेलं नाही. त्यात आई परत येते आणि दोघी अंगणात नाचतात. तिनं आत्ता तेच म्हटलं.”

मास्तर बँजोच्या तारांवर उगाच फडकं फिरवत राहिले.

“आणि ती विचारते,” सायली म्हणाली, “की वाजवायच्या आधी तुम्ही कानाला हात का लावता?”

“त्यात काय. ज्याच्याकडनं घेतलं त्याचं नाव घेताना लावायचा आस्तो.”

सायलीनं जाऊन तिला समजावलं. बाईंनी मान हलवली, नारळ छातीशी धरला आणि गाडीत बसल्या. फ्रेम त्यांनी परत गोजाबाईंच्या हातात दिली होती, ती आधी नीट पुसून, कुंकू मात्र तसंच ठेवून. गाडी सुरू झाली, पाच पावलं गेली आणि थांबली. काच खाली आली. मार्चेलानं मास्तरांकडे बघितलं, उजव्या कानाच्या पाळीला बोट लावलं, आणि स्वच्छ, एकेक अक्षर जपून म्हणाली, “किसन.”

गाडी नाशिक हायवेला लागेपर्यंत मास्तर जागचे हलले नाहीत. गोजाबाई पदरानं डोळे पुसत होत्या. रस्त्यावरची माणसं डबे उचलून आपापल्या बसकडे चालली होती. मग मास्तरांनी फेटा काढून काखेत धरला आणि ढोलाचे दोर सैल करत बसलेल्या भीमराजकडे वळले.

“उद्या सकाळी ये घरी,” ते म्हणाले. “तुला ती चाल देतो. पुरी झाली.”